उतरण्याची विद्या

श्रोतेहो, मनुष्य आकाशात कसा चढला याची हकीकत आपणांपैकी बहुतेकांनी शाळेच्या बाकावर बसून वाचलेली आहे. माँगोल्फिए बंधूंचा गरम हवेचा फुगा, राइट बंधूंचे विमान, ही नावे मुलांनाही तोंडपाठ असतात. परंतु चढलेला मनुष्य खाली कसा आला, आणि मनात येईल तेव्हा, हव्या त्या वेगाने खाली येण्याची विद्या त्याने कशी संपादन केली, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. वर फेकलेली वस्तू आपोआप खाली येतेच, मग त्यात शिकण्यासारखे ते काय, असा आपला समज असतो. आकाशात मात्र अशाही जागा आहेत की, जेथे मनुष्य खाली येण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो आणि तरीही वरच ओढला जातो. अशा प्रसंगांत सापडलेल्या काही माणसांविषयी आज बोलावयाचे आहे. विशेषतः पॅराग्लायडर नावाच्या कापडी पंखाला लटकून उडणाऱ्या वैमानिकांविषयी, कारण लवकर खाली येण्याचा प्रश्न हल्ली त्यांच्याइतका निकडीचा क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल.

आरंभ पॅरिस शहरापासून करू. इ. स. १७८३ च्या डिसेंबर महिन्याची पहिली तारीख. तुइलरी बागेतून झाक शार्ल हा पदार्थविज्ञानाचा पंडित आणि निकोला-लुई रोबेर हा त्याचा कुशल कारागीर सोबती, असे दोघे हायड्रोजन वायूने भरलेल्या बलूनमधून निघाले. सुमारे दोन तासांनी ते नेल गावाजवळ सुखरूप उतरले. दिवस मावळत आला होता. तरीही पुन्हा एकवार, या वेळी एकट्यानेच, वर जाण्याची इच्छा शार्लला झाली. रोबेर पाळण्यातून उतरताच एका माणसाचे वजन कमी झाले आणि ते बलून विलक्षण वेगाने सुमारे तीन हजार मीटर उंचीवर जाऊन पोहोचले. खाली मावळलेला सूर्य शार्लला वर पुन्हा दिसला. एकाच दिवशी दोन सूर्यास्त पाहण्याचे भाग्य त्याच्यापूर्वी कोणाला लाभले नसावे. पण त्याच क्षणी कानात आणि जबड्यात असह्य कळा येऊ लागल्या. सुदैवाने शार्लने बलूनच्या माथ्यावर एक झडप बसवून तिची दोरी पाळण्यात सोडलेली होती. ती ओढून त्याने वायू सोडला आणि तो खाली आला. पुढे तो १८२३ पर्यंत जगला. पण पुन्हा कधी बलूनमध्ये बसला नाही.

त्या झडपेच्या दोरीला केवढे मोल आहे हे पुरतेपणी कळावयास आणखी एकोणऐंशी वर्षे जावी लागली. ५ सप्टेंबर १८६२ रोजी इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन येथून जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल हे दोघे वर गेले. ग्लेशर हा ग्रिनिचच्या वेधशाळेतला अधिकारी, हवेची उष्णता व आर्द्रता मोजण्याचा त्याला ध्यास. कॉक्सवेल हा बलून हाकण्यात मुरलेला. बरोबर सहा कबुतरेही होती. तीन मैलांवर सोडलेल्या पहिल्या कबुतराने पंख पसरले खरे, पण ते कागदाच्या कपट्यासारखे खाली गेले. पुढे आणखी उंचावर सोडलेले एक तर दगडासारखे पडले. माणसांनी या इशाऱ्यावरून काही बोध घ्यावा, पण बलून चढतच राहिले. एकोणतीस हजार फुटांच्या सुमारास ग्लेशरला तापमापकातील पारा दिसेनासा झाला. हात उचलावा तर उचलेना. मान एका बाजूस पडली आणि तो बेशुद्ध झाला.

आता सारे कॉक्सवेलवर आले. बलून वाटेत गरगरा फिरत आल्यामुळे झडपेची दोरी वर गुंतून बसली होती. ती सोडविण्यासाठी तो पाळण्यातून वरच्या कड्यावर चढला. कडे बर्फाने माखलेले; त्यावर ठेवलेले हात थंडीने काळे पडले आणि निकामी झाले. कसाबसा कोपरांच्या आधाराने घसरत तो पाळण्यात आला. दोरी हाती लागली होती, पण ती ओढावयास हात उरले नव्हते. तेव्हा त्याने ती दातांत धरली आणि दोन-तीन वेळा मान खाली झुकवून हिसके दिले. झडप उघडली. काही मिनिटांनी ग्लेशर शुद्धीवर आला; त्याने कॉक्सवेलच्या काळ्या पडलेल्या हातांवर ब्रँडी ओतली आणि पुनश्च आपल्या नोंदी घ्यावयास बसला. या शास्त्रज्ञांच्या जातीचे कौतुक करावे की त्यांच्यापुढे हात टेकावेत, हे मला अद्याप उमगलेले नाही. आपण सात मैल उंच गेलो होतो असा त्याचा हिशेब होता. तेवढे अंतर आज सर्वांना मान्य नाही, पण प्राणवायूवाचून मनुष्य जेथे टिकत नाही त्या सीमेपलीकडे ते गेले होते यात शंका नाही. १८७५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधील झेनिथ या बलूनने आठ हजार मीटरांची उंची ओलांडली तेव्हा आतल्या तिघांपैकी दोघे मेले. प्राणवायूच्या पिशव्या त्यांच्यापाशीच होत्या. नळी तोंडाशी नेण्याइतकेही त्राण हातांत उरले नव्हते.

एवढ्या अवधीत हवाई छत्रीचाही उदय झाला होता. आंद्रे-झाक गार्नरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्येच बलूनपासून स्वतःला तोडून घेऊन छत्रीच्या आधाराने जमीन गाठली. छत्रीच्या माथ्यावर हवा निसटून जाण्यास भोक नव्हते, त्यामुळे वाटेत त्याला घड्याळाच्या लंबकासारखे भयंकर झोके बसले. तरी पण त्या दिवसापासून लोकांची अशी खात्री झाली की, हवाई छत्री उघडली की मनुष्य खाली येणारच.

ही खात्री ढगांनी खोटी ठरविली, आणि म्हणून येथे थोडा ढगांचा विचार केला पाहिजे. वैशाखात सह्याद्रीच्या माथ्यावर दुपारी पांढरे शुभ्र ढग जमू लागतात ते आपण पाहिलेच असतील. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, वर गारठते, आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हेच ते राशिमेघ. एवढ्यावर थांबले तर काही बिघडत नाही. परंतु वाफेचे पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता बाहेर पडते. एका ग्रॅमला सुमारे ६०० कॅलरी. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक का भाजतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांना सांगावयास नको. त्याचे कारण हेच. ढगात ही उष्णता मिळताच आतली हवा पुन्हा हलकी होते, अधिक वेगाने चढते, खालून आणखी दमट हवा ओढून घेते, आणि पाहता पाहता त्या कापसाच्या ढिगाचा दहा-बारा किलोमीटर उंचीचा गर्जन्मेघ होतो. वळवाचा पाऊस याच मेघांचा. अशा मेघाच्या पोटात हवेचा वर जाणारा झोत सेकंदाला वीस मीटर, प्रसंगी त्याहूनही अधिक वेगाने वाहतो. सेकंदाला वीस मीटर म्हणजे ताशी बहात्तर किलोमीटर. एखादी आगगाडी उभी करून आकाशाकडे सोडावी, तसा हा प्रकार.

या झोताची पहिली मोठी चुणूक बिनइंजिनाच्या विमानांना, म्हणजे ग्लायडरांना, मिळाली. जर्मनीतील र्‍योन डोंगरावर दरवर्षी त्यांच्या शर्यती भरत. १९२६ च्या ऑगस्टमध्ये माक्स केगेल नावाच्या वैमानिकाला वादळाने गाठले आणि मेघाने आत ओढून घेतले. आतल्या अंधारात हेलपाटत तो बाहेर पडला आणि पंचावन्न किलोमीटरांवर सुखरूप उतरला. लोकांनी त्याचे नाव ‘वादळी माक्स’ असे ठेवले! पण यातला धोका जाणत्यांनी ओळखला. ग्लायडरला नाक खाली करून सुळकी मारता येते, पण तसे केल्यास वेग इतका वाढतो की पंख मोडावेत. यावर १९३० नंतरच्या दशकात हान्स याकोब्स इत्यादी जर्मन रचनाकारांनी पंखातून उभ्या बाहेर येणाऱ्या फळ्यांची योजना केली. या हवाई गतिरोधकांनी वेग आवाक्यात ठेवून झपाट्याने खाली येणे शक्य झाले. ग्लायडरपुरता प्रश्न येथे बव्हंशी सुटला.

हवाई छत्रीचे काय झाले ते १९५९ साली दिसले. त्या वर्षी २६ जुलै रोजी विल्यम रँकिन या अमेरिकन लष्करी वैमानिकाच्या जेट विमानाचे इंजिन बंद पडले, आणि सत्तेचाळीस हजार फुटांवरून त्याला उडी घ्यावी लागली. खाली गर्जन्मेघ उभा होता. जो प्रवास एरवी दहा मिनिटांच्या आसपास संपावयाचा, त्याला चाळीस मिनिटे लागली. छत्री उघडली ती मेघात. वर जाणारे झोत त्याला पुन्हा पुन्हा उचलून नेत, गारा अंगावर आदळत, आणि पाऊस एवढा की श्वास घेताना बुडतो की काय असे व्हावे. तो वाचला, आणि या प्रवासावर त्याने पुढे एक पुस्तकही लिहिले.

आता पॅराग्लायडरकडे वळू. मौज अशी की, या यंत्राचा जन्म खाली उतरण्यासाठीच झाला. पतंग आणि बलूने तयार करणारा अमेरिकेतील डॉमिना जॅल्बर्ट याने १९६४ साली एका नव्या कापडी पंखाच्या एकस्वासाठी अर्ज केला. कापडाचे दोन थर, त्यांच्यामध्ये पडदे घालून केलेले कप्पे, आणि कप्प्यांची पुढची तोंडे उघडी. समोरचा वारा आत शिरला की पंख फुगून ताठ होतो. लाकडाची वा धातूची चौकट नाही. घडी घालून पाठीवरच्या पिशवीत मावतो. विमानातून उड्या मारणाऱ्यांनी या पंखाचा हवाई छत्री म्हणून उपयोग सुरू केला. १९७८ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या ओत-साव्हुआ प्रांतातील मिएसी या गावी झाँ-क्लोद बेताँ, आंद्रे बोन आणि जेरार बोसाँ या छत्रीवाल्यांनी, विमानाच्या भाड्याचा खर्च वाचावा म्हणून, डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन झेप घेतली. बोन हजार मीटर खाली दरीतल्या फुटबॉलच्या मैदानावर जाऊन उतरला. त्या काळचा पंख तीन मीटर पुढे जाताना सुमारे एक मीटर खाली येई. लवकर कसे उतरावे ही चिंता कोणाला नव्हती. उलट, थोडा वेळ तरी वर कसे राहता येईल, हाच सर्वांना ध्यास लागला होता.

आणि हा ध्यास फलद्रूप झाला. पंख लांब व निमुळते झाले, दोऱ्या बारीक झाल्या. आजचा साधा पंख एक मीटर खाली येईपर्यंत आठ-नऊ मीटर पुढे जातो, शर्यतीचे पंख त्याच्याही पुढे गेले आहेत. स्थिर हवेत तो सेकंदाला जेमतेम एक मीटर खाली येतो. म्हणजे हवा सेकंदाला दोन मीटर वेगाने वर जात असली की वैमानिक घारीसारखा घिरट्या घालीत चढू लागतो. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील कामशेतच्या टेकड्यांवर हिवाळ्यात हे दृश्य सहज पाहावयास मिळते. पण जो पंख हवेच्या दोन मीटरांच्या झोतावर इतक्या सहज तरंगतो, तो दहा मीटरांच्या झोताला नाही कसा म्हणणार? बलूनला झडप होती, ग्लायडरला गतिरोधक होते. या पंखाला दोन्ही नाहीत. आहेत त्या फक्त दोऱ्या. तेव्हा आपल्याच चांगल्या पंखाला काही काळ मुद्दाम वाईट करून टाकावयाचे, असा विलक्षण उपाय वैमानिकांनी शोधला.

त्याचे तीन प्रकार मुख्य आहेत. पहिल्याला ते ‘बिग इअर्स’ म्हणजे मोठे कान म्हणतात. पंखाच्या पुढच्या धारेला बांधलेल्या दोऱ्यांपैकी दोन्ही टोकांच्या दोऱ्या ओढल्या की टोके दुमडतात आणि कुत्र्याच्या कानांसारखी लोंबू लागतात. पंख लहान झाला, तेव्हा उतरण्याचा वेग सेकंदाला अडीच-तीन मीटरांपर्यंत वाढतो. हात दोऱ्यांत गुंतलेले, म्हणून वळावयाचे ते अंग एका बाजूस कलवून. त्याच्या जोडीला पायाखालची दांडी दाबून वेग वाढविण्याचा पाठ शिक्षक देतात. कारण टोके दुमडलेला पंख नाक वर करून मंदावला, तर त्याचे उडणेच थांबण्याचे भय असते.

दुसरा प्रकार ‘बी-स्टॉल’. दोऱ्यांच्या रांगांना पुढून मागे ए, बी, सी अशी नावे आहेत. त्यांतली बी ही रांग दोन्ही हातांनी खाली ओढली म्हणजे पंखाला मध्येच आडवी घडी पडते, वरून वाहणारी हवा तुटते, आणि पंख पुढे जावयाचा थांबून सेकंदाला सहा ते आठ मीटर वेगाने जवळजवळ सरळ खाली येतो. सोडताना दोन्ही हात एकदम वर सोडावे लागतात. हा प्रकार एके काळी सर्वत्र शिकवीत. हल्ली शर्यतीच्या पंखांत दोऱ्यांच्या दोनच रांगा ठेवू लागले आहेत, आणि अशा पंखांवर हा प्रकार करताच येत नाही. वर राहण्याचे साधन सुधारले, आणि खाली येण्याचे एक साधन त्यापायी हातचे गेले!

तिसरा प्रकार सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत भयंकर. याचे नाव ‘स्पायरल’. एकाच बाजूचा ब्रेक ओढून धरला की वळण आवळत जाते, पंखाचे नाक जमिनीकडे वळते, आणि वैमानिक गोफणीतल्या दगडासारखा त्याच्याभोवती फिरू लागतो. उतरण्याचा वेग सेकंदाला दहा, पंधरा, वीस मीटर. पण त्या फिरण्याने शरीराचा भार तिप्पट-चौपट होतो. सत्तर किलो वजनाचा मनुष्य दोन-अडीचशे किलोंचा होतो. रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे करडा पडदा येतो, आणि काहींची शुद्ध हरपते. त्यात आणखी एक संकट असे की, काही पंख या फेऱ्यात एकदा सापडले म्हणजे ब्रेक सोडला तरी त्यातून आपणहून बाहेर पडत नाहीत. वैमानिकाने बाहेरच्या बाजूस अंग कलवून, बाहेरचा ब्रेक लावून, हळूहळू वळण सैल करावे लागते. सेकंदाला पंधरा मीटर या हिशेबाने तीनशे मीटर उंची वीस सेकंदांत संपते. अशा फेऱ्यात माणसे दगावलेली आहेत. म्हणून या विद्येचा अभ्यास फ्रान्समधील आनसी यांसारख्या सरोवरांवर करतात. अंगात पाण्यावर तरंगणारे जाकीट, खाली नाव तयार, आणि कानात शिक्षकाचा आवाज.

श्रोतेहो, आता एक लहानसे गणित मांडतो. हवा सेकंदाला पाच मीटर वर जात आहे असे समजा. मोठ्या कानांनी आपण तिच्यातून तीन मीटर खाली येतो. म्हणजे प्रत्यक्षात दोन मीटर चढतच राहतो. बी-स्टॉलने सात मीटर, म्हणजे खरोखरचे दोन मीटर उतरतो. स्पायरलने पंधरा मीटर, म्हणजे दहा मीटर उतरतो. पण हवाच वीस मीटर वेगाने चढत असेल तर? स्पायरलमध्ये तीनपट भार सोसूनही आपण पाच मीटर वेगाने वर चाललेलो असतो. शिवाय स्पायरल करणारा मनुष्य हवेत एकाच जागी फिरतो, म्हणजे त्याच झोतात राहतो. माझ्या मते या साऱ्या विद्येतील कळीचा मुद्दा हाच आहे: सौम्य दिसणारे मोठे कान पायाखालच्या दांडीसह वापरले, तर ते वैमानिकाला मेघाखालून पुढे, उतरत्या हवेकडे घेऊन जातात; नजरेत भरणारे स्पायरल त्याला तेथेच ठेवते. अर्थात पुढे जाण्याचा वेगही ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच, आणि मेघाचा विस्तार काही किलोमीटरांचा. वेळेवर निघाले तरच हा हिशेब जमतो.

हे गणित १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील मॅनिला येथे प्रत्यक्षात उतरले. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती काही दिवसांवर आल्या होत्या आणि निरनिराळ्या देशांचे वैमानिक तेथे सराव करीत होते. मूळच्या पोलंडच्या आणि जर्मनीच्या संघातून उडणाऱ्या एव्हा विश्निएर्स्का या त्यांपैकी एक. नवशिक्या मुळीच नव्हेत, नावाजलेल्या स्पर्धक. दोन मेघांच्या मधून निसटून जाण्याचा त्यांचा बेत होता, पण ते मेघ एकत्र आले आणि त्या आत ओढल्या गेल्या. चढण्याचा वेग सेकंदाला वीस मीटरांपर्यंत गेला. भोवती काळोख, विजा आणि गारा. लवकरच प्राणवायूच्या अभावी त्या बेशुद्ध झाल्या. त्यांच्यापाशी असलेल्या उपकरणाने नोंदलेली कमाल उंची आहे ९,९४६ मीटर, म्हणजे एव्हरेस्टच्या माथ्याहून हजार मीटरांवर. उणे चाळीस-पन्नास अंशांच्या त्या थंडीत, अंगावर बर्फाचा थर घेऊन, चालकावाचून तो पंख त्यांना वाहून नेत होता.

त्यांना खाली आणले ते कोणत्याही विद्येने नव्हे. पंख केव्हातरी दुमडला आणि त्या कोसळू लागल्या. पुढे सुमारे ६,९०० मीटरांवर तो आपोआप पुन्हा उघडला, आणि त्याच सुमारास त्या शुद्धीवर आल्या. निघाल्या ठिकाणापासून सुमारे साठ किलोमीटरांवर त्या आपल्या पायांनी जमिनीवर उतरल्या. कानांना हिमदाह झाला होता. एरवी धडधाकट होत्या. त्याच दिवशी त्याच मेघाने हे झोंगपिन या बेचाळीस वर्षांच्या चिनी वैमानिकालाही ओढून घेतले होते. त्यांचा देह पंचाहत्तर किलोमीटरांवर सापडला.

मोठ्या शर्यतींत आता अशी पद्धत असते की, वाटेतला कोणीही स्पर्धक बिनतारी यंत्रावरून हवामानाविषयी इशारा देऊ शकतो: हवा बरी असल्यास पहिला अंक, काळजी वाटल्यास दुसरा, उडणे धोक्याचे झाले असल्यास तिसरा. असे इशारे येऊ लागले की संचालक शर्यत तेथल्या तेथे थांबवू शकतात. त्यापूर्वी कापलेले अंतर धरून गुण देतात, आणि सारे पंख जवळच्या मोकळ्या शेतांकडे वळतात.